मुंबईच्या संघात जागा नाही : भाच्याने गोव्याला जावं, की रिटायर होऊन अमेरिकेला?

बोरिवलीचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचा 24 वर्षांचा, डावखुरा फिरकी गोलंदाज. मुंबईकडून अंडर-19, अंडर-23 खेळलाय. रणजीच्या प्रोबेबल्समध्ये (संभाव्य खेळाडूंच्या यादीत) नाव येतं आणि अंतिम यादीत गळतं. क्लबांची कांगा लीग चालू आहे, एका कंपनीकडून स्टायपेंडवर टाइम्स शील्ड (ऑफिस संघांची स्पर्धा) खेळतो. आयपीएलच्या लिलावासाठी नाव दिलं होतं, शॉर्टलिस्टमध्येही आलं नाही.

आता गोव्याच्या ट्रायलबद्दल विचारणा झालीय. दुसरीकडे त्याचा एक जुना सहकारी टेक्सासमध्ये मायनर लीग (तिथली टी-20 स्पर्धा) खेळतो, अकॅडमीत पोरांना शिकवतो. तो म्हणतो, इकडे ये, पण आधी बीसीसीआयला रिटायरमेंटचं पत्र दे. चोविसाव्या वर्षी रिटायरमेंट! ताईला तर हे पटतच नाहीये. भावोजी म्हणतात नोकरी धर. पोरगा सगळ्यांना मुंबईहून जाऊन अमेरिकेकडून खेळणाऱ्या सौरभ नेत्रावळकरचं उदाहरण देतो.

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. पत्र देऊन तिकडे जमलं नाही तर परत येता येतं का? आणि पत्र न देता एखादा सीझन खेळून बघता येत नाही का?

मैदानातला_स्कोअरर

मामा, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे : नाही. भारतात खेळत असलेल्या पुरुष खेळाडूला बोर्ड परदेशी टी-20 लीगसाठी एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) देत नाही. रणजी असो, आयपीएल असो, सगळं सोडल्यावरच दार उघडतं. इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटला परवानगी मिळते. रहाणे 2019 मध्ये हॅम्पशायरकडून खेळला, पृथ्वी शॉने 2023 मध्ये नॉर्थम्प्टनशायरकडून वनडे कपमध्ये 244 ठोकल्या. पण कौंटीवाले नाव झालेल्यांना बोलावतात, प्रोबेबल्समधल्या पोराला नाही.

आता पहिला प्रश्न. याचं उत्तर म्हणजे प्रवीण तांबे.

आझाद मैदानावर स्कोअरिंगला बसणाऱ्या आमच्या पिढीला तांबे म्हणजे ऑफिस क्रिकेटचा माणूस. ओरिएंट शिपिंगकडून खेळला, नंतर डी. वाय. पाटीलकडून. मुंबईने रणजीला घेतलं नाही. 2013 मध्ये राजस्थान रॉयल्सने उचलला तेव्हा वय 41, आणि नावावर एकही प्रथम श्रेणी सामना नाही. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये 12 बळी घेतले, मग मुंबईला जाग आली आणि रणजीची टोपी मिळाली. 2014 मध्ये कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

पुढचं तुमच्या कामाचं. 2018 मध्ये निवृत्ती जाहीर करून तो शारजात टी-10 लीग खेळला. एका सामन्यात पाच बळी, त्यात गेल, मॉर्गन, पोलार्ड. नंतर निवृत्ती मागे घेतली. डिसेंबर 2019 च्या लिलावात कोलकात्याने 20 लाखांना घेतला, वय 48. बातम्या झाल्या, कौतुक झालं, आणि मग बोर्डाने सांगितलं की हा माणूस परदेशी लीग खेळून आलाय, याला आयपीएल खेळता येणार नाही. संपलं. 2020 मध्ये त्याच मालकांच्या त्रिनबागो नाइट रायडर्सकडून तो कॅरिबियनमध्ये खेळला, ती लीग खेळणारा पहिला भारतीय ठरला, संघ विजेताही झाला. पण इकडचं दार बंदच राहिलं.

म्हणजे पत्र मागे घ्यायला कुणी अडवत नाही. बाहेर जाऊन खेळलेला एक चेंडू मात्र मागे घेता येत नाही. तांबे 48 वर्षांचा होता, त्याला गमवायला फारसं उरलं नव्हतं. तुमचा भाचा 24 चा आहे.

उलट गोव्याचं बघा. यशस्वी जयस्वालने एप्रिल 2025 मध्ये गोव्यासाठी मुंबईकडे एनओसी मागितली, महिन्याभराने ‘राहू द्या’ म्हणून कळवलं आणि मुंबईने ठेवून घेतला. तो जयस्वाल आहे, त्याला सगळे सांभाळून घेतील, हे मान्य. पण सिद्धेश लाडही गोव्याला जाऊन परत मुंबईत आला. राज्य बदलणं हा परतीचा रस्ता असलेला निर्णय आहे.

पैशाचंही सांगतो, कारण भावोजी तेच विचारणार. प्रथम श्रेणीत 20 सामन्यांपर्यंत दिवसाला 40 हजार, राखीव असेल तर निम्मे. चार दिवसांचे सात साखळी सामने अंतिम अकरात खेळला तर 11 लाख 20 हजार. पूर्ण सीझन बाकावर बसला तर 5 लाख 60 हजार, आणि पंधरातच नसला तर शून्य. म्हणून गोव्याला जाण्याआधी एक बघा. बाहेरचे तीनच खेळाडू घेता येतात, आणि गोव्याकडे दर्शन मिसाळ हा घरचाच डावखुरा फिरकीपटू आहे. मुंबईत शम्स मुलाणी आडवा, मागे अथर्व अंकोलेकर उभा, दोघेही डावखुरे स्पिनर. तिथे जाऊन पुन्हा तीच रांग नको. ज्या राज्याकडे डावखुरा स्पिनर नाही तिथे चौकशी करा. माझ्या मते हे कुणी त्याला सांगितलेलं नसणार.

हडसनकाठचा

स्कोअररकाकांचं बहुतेक पटलं, पण नेत्रावळकरचं उदाहरण दोन्ही बाजूंनी चुकीचं वापरलं जातं. तो क्रिकेटसाठी इकडे अमेरिकेत आलाच नव्हता. 2010 चा अंडर-19 वर्ल्ड कप, मुंबईकडून एक रणजी सामना, आणि 2015 मध्ये कॉर्नेलला कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी आला. नंतर ओरॅकलमध्ये नोकरी. 6 जून 2024 ला डॅलसमध्ये पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली तेव्हाही तो नोकरदार माणूस होता. क्रिकेट गेलं असतं तरी त्याचा पगार चालू होता. भाच्याकडे डिग्री आहे का? ती असेल तर हा वेगळाच प्रश्न आहे.

दुसरं, इथे घड्याळ आल्यावर सुरू होतं. अमेरिकेकडून वर्ल्ड कप खेळायला तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. हरमीत सिंग तुमच्या मुंबईचाच डावखुरा, 2012 चा अंडर-19 विजेता, त्रिपुरालाही जाऊन बघितलं, मग इकडे आला आणि 2024 चा वर्ल्ड कप खेळला. तिशीपर्यंत रांगेत थांबून आला तर तेहतीस उजाडतील. काकांच्या ‘आधी गोवा’ला हा खर्च आहे, तो मोजा.

पण 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची स्वप्नं कुणी दाखवत असेल तर हसून सोडा. तिथे वास्तव्य चालत नाही, त्या देशाचं नागरिकत्व लागतं, आणि आज निघणाऱ्याला ते तोवर मिळणार नाही. उन्मुक्त चंदने 2021 मध्ये 28 व्या वर्षी भारत सोडला, अंडर-19 वर्ल्ड कप जिंकलेला कर्णधार, तरी 2024 च्या अमेरिकन संघात नव्हता. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये आयसीसीने इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, बोर्डाला निलंबित केलं. टेक्सासच्या मित्राला एवढंच विचारा : व्हिसाचे कागद कोण भरणार, आणि त्यावर अकॅडमीत शिकवून पैसे घ्यायला परवानगी आहे का? टोलवाटोलवी झाली तर विषय संपला.

डावखुरी_सांगलीकर

मी जिल्हा पातळीपर्यंतच खेळले, पण एक विचारू? 2016 मध्ये आमची स्मृती ब्रिस्बेन हीटकडून आणि हरमनप्रीत सिडनी थंडरकडून खेळायला गेली, तेव्हा कुणी निवृत्तीचं पत्र मागितलं नाही. नंतर डब्ल्यूपीएल (मुलींची आयपीएल) आली, 2023 च्या पहिल्या लिलावात स्मृतीला 3 कोटी 40 लाख मिळाले, आणि मुली अजूनही ऑस्ट्रेलिया-इंग्लंडला जातातच. बोर्ड तेच ना? मग मुलांनाच का कोंडून ठेवतात?

मैदानातला_स्कोअरर

कारण विराट, बुमरा फक्त आयपीएलमध्येच दिसावेत, ही त्या लीगची किंमत आहे. मोठ्यांना बांधायचा दोर आहे, त्यात हा 24 वर्षांचा पोरगा फुकट बांधला जातो. ज्याला लिलावात कुणी घेतलं नाही त्याला एक सीझन बाहेर खेळू दिलं तर आयपीएलचं काय बिघडणार, हे मलाही कळलेलं नाही. पण नियम आज आहे तो असा आहे आणि मामांना निर्णय आज घ्यायचाय.

हडसनकाठच्यांचा डिग्रीचा मुद्दा माझ्यापेक्षा बरा आहे. मामा, शिक्षण कुठवर?

बोरिवलीचा_मामा

बी.कॉम.चं शेवटचं वर्ष दोनदा बुडालंय, दोन्ही वेळा स्पर्धांच्या तारखांमुळे. टेक्सासला फोन केला. व्हिसाचं विचारल्यावर तो म्हणाला, ‘आधी टुरिस्टवर ये, मग बघू.’ ते ऐकून भाचाच गप्प झाला.

मिसाळचं नाव काढलं तर म्हणाला, माहितीये, पण वनडे आणि टी-20 ला ते दोन डावखुरे खेळवतील असं वाटतं. ट्रायल द्यायची म्हणतोय. एमसीएकडे (मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे) एनओसीचा अर्ज आत्ताच टाकायचा का?

मैदानातला_स्कोअरर

नाही नाही, थांबा. आधी ट्रायल होऊ दे, गोव्याकडून घेतोय म्हणून लेखी येऊ दे, मगच अर्ज. नाहीतर इथल्या प्रोबेबल्समधूनही नाव जायचं. आणि बी.कॉम.चा फॉर्म यंदा भरून टाका.