शब्दचर्चा : ‘बरे केले’ की ‘तारले’?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानात ७:५० (अध्याय ७, ओवी ५०) मध्ये ‘तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे’ आणि ८:४८ मध्ये ‘बरे केले आहे’ असं येतं. मूळ ग्रीकमध्ये क्रियापदं वेगळी आहेत का? आणि या घटनांना सरसकट ‘चमत्कार’ म्हणावं का?

प्रतिसाद १ : क्रियापद एकच, ‘सोझो’, म्हणजे वाचवणं. लूकमध्ये हे वाक्य चारदा जसंच्या तसं येतं : ७:५०, ८:४८, १७:१९, १८:४२. पहिल्या ठिकाणची बाई आजारी नाहीच, तिला पापक्षमा मिळते. म्हणून तिथे ‘तारले’. बाकी तिघं दुखणाईत, म्हणून ‘बरे केले’. मराठी अर्थ चुकलेला नाही, पण दोन्हीकडे तेच वाक्य आहे हे वाचकाला कळत नाही, आणि लूकचा सगळा रोख तर तिथेच आहे.

आठव्या अध्यायातली रक्तस्रावाची बाई नीट पाहा. बारा वर्षं ती कोणाच्याही उपचाराने बरी होत नाही (ओवी ४३) : क्रियापद ‘थेरापेउओ’, म्हणजे सेवाशुश्रूषा, उपचार. वस्त्राच्या काठाला हात लावताच ती बरी झाली, असं ती सर्वांसमोर सांगते (४७) : ‘इआओमाई’, म्हणजे रोग जाणं. शेवटी येशू म्हणतो ते ‘सोझो’ (४८). सहा ओव्यांत तीन क्रियापदं, आणि आपण तिन्हीकडे ‘बरे’ लिहून मोकळे!

प्रतिसाद २ : दहा कुष्ठरोग्यांच्या प्रसंगात (१७:११-१९) चौथं क्रियापद आहे, ‘काथारिझो’, शुद्ध करणं. इथे ‘बरे’ लिहिलं तर येशू त्यांना याजकाकडे (यहूदी पुरोहिताकडे) का पाठवतो तेच कळत नाही. याजक काही वैद्य नव्हे. तो तपासून ‘शुद्ध’ ठरवतो आणि माणूस वस्तीत परत येतो. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १४व्या अध्यायातला विधी असा : दोन जिवंत पक्षी, एक मातीच्या भांड्यात वाहत्या पाण्यावर मारायचा, दुसरा गंधसरू, किरमिजी सूत आणि एजोब या वनस्पतीसह त्या रक्तात बुडवून माणसावर सात वेळा शिंपडायचं, मग तो पक्षी मोकळा सोडायचा, आठव्या दिवशी अर्पणं. शिवाय लेवीयात हाच ‘रोग’ कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही होतो. म्हणजे तो नेमका आजचा कुष्ठरोग असं धरून चालू नये. दहाही जण ‘शुद्ध’ होतात, ‘सोझो’ मात्र परत आलेल्या एका शमरोनी (यहूद्यांना परक्या वाटणाऱ्या समाजातल्या) माणसालाच ऐकायला मिळतं.

प्रतिसाद ३ : ‘तारले’ला मराठीत पाठबळ आहे, ‘देव तारी त्याला कोण मारी’. पण ‘तारण’ एकटं लिहिलं की बाहेरच्या वाचकाला आधी बँकेचं कर्ज आठवतं. ‘वाचवले’ दोन्ही अर्थ पेलतं : बुडणाऱ्याला वाचवतात, रोग्यालाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात ५:१५ मध्ये ‘दुखणाइताला वाचवील’ आहेच, आणि तिथेही ‘सोझो’च. माझं मत चारही ठिकाणी ‘वाचवले’ला.

प्रतिसाद १ : आता ‘चमत्कार’. हा शब्द पाहणाऱ्याच्या आश्चर्यावर बेतलेला. पहिली तीन शुभवर्तमानं बहुधा ‘दुनामिस’ म्हणतात, म्हणजे सामर्थ्य, ‘महत्कृत्य’. चौथ्यात योहान म्हणतो ‘सेमेइओन’, ‘चिन्ह’. अचंब्याचा खरा शब्द ‘तेरास’. तो नव्या करारात एकटा कधीच येत नाही, कायम ‘चिन्हे व अद्भुते’ अशा जोडीनेच. तेव्हा योहानावर लिहिताना ‘चिन्ह’च ठेवा. आणि ‘चमत्कारिकरीत्या बरा झाला’ मुळीच नको. चमत्कारिक म्हणजे विचित्र, विक्षिप्त! ‘चमत्काराने बरा झाला’ लिहा.

प्रतिसाद २ : फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राबद्दल, तिथे रोगी बरे झाल्याबद्दल लिहितानाही हे सांभाळावं. १८८३पासून तिथे डॉक्टरांचं तपासणी कार्यालय आहे. रोग गंभीर होता का, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ आहे का, उपचारांनी ते घडलं नाही ना, हे तिथे पाहतात. डॉक्टर फार तर ‘आजच्या वैद्यकज्ञानाने उलगडा होत नाही’ एवढंच म्हणतात. ‘चमत्कार’ हा शब्द त्या व्यक्तीच्या धर्मप्रांताचे बिशप उच्चारतात. २०१८मध्ये सत्तरावी घटना अशी जाहीर झाली. त्यामुळे ‘डॉक्टरांनी चमत्कार मान्य केला’ हे वाक्य चूक.