इंजिनवरचं करपलेलं ऑइल कसं काढावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी स्प्लेंडर पुन्हा रस्त्यावर आणतोय. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या टोकावरचं झाकण) पॅकिंग गळत होतं, ते बदलून घेतलं. पण तोवर झिरपलेलं ऑइल धुळीत मिसळून फिन्सच्या (इंजिनवरच्या धातूच्या पातळ पात्यांच्या) फटींत दगडासारखं बसलंय. इंजिन एअर-कूल्ड, उष्णता याच फिन्समधून बाहेर जाते, त्यामुळे हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरआड चेनच्या ग्रीसचा जाड थर होता, तो लाकडी पट्टीने खरवडून काढला.

वरवरचा मळ इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने निघाला. खालचा करपलेला तपकिरी थर मात्र हलत नाही. एकाने कॉस्टिक सोडा सुचवला, पण तो ॲल्युमिनियम खातो. पेट्रोल तर नकोच, आगीशी खेळ नको.

बाजारातला डिग्रीझर (ऑइल-ग्रीस काढायचं द्रावण) या करपलेल्या थरावर चालतो का? लावून किती वेळ ठेवावा? फिन्सच्या पार आतपर्यंत पोचेल असा ब्रश कोणता? धुताना कार्बोरेटर आणि सायलेन्सरचं तोंड प्लास्टिकने बांधणार आहे, प्लग जागेवरच ठेवणार. पण मॅग्नेटच्या (इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाच्या) वायरिंगचं काय करता? प्रेशरचं पाणी मारू नये असं मला वाटतं. ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.