व्यायाम करूनही मॅमोग्राममधली डेन्सिटी वाढली, असं कसं?

रानजाई:
वय ४९, पाळी आता कधी येते कधी दोनदोन महिने गायब. परवा मॅमोग्राफी केली, गाठबिठ काही नाही पण रिपोर्टमध्ये डेन्सिटी सी लिहिलंय (ए सगळ्यात कमी, डी सगळ्यात जास्त), मागच्या वेळी बी होती. आता मला कळत नाहीये की मी वर्षभर जोरात चालतेय, वजनं उचलतेय, वजनही बऱ्यापैकी उतरलंय, मग हे उलटं कसं? व्यायामाने काही बिघडलं का? आणि धावले की छाती ठणकते, विशेषतः पाळी लांबली की जास्त. धावणं बंद करू का?

सुगरण_चिमणी:
रानजाई, आधी श्वास घे. डेन्स म्हणजे ग्रंथी आणि तंतूंचा भाग जास्त, चरबी कमी. मॅमोग्राममध्ये चरबी काळपट दिसते आणि डेन्स भाग पांढरा. व्यायामाने वजन उतरलं की स्तनातली चरबीपण उतरते, ग्रंथी मात्र तेवढ्याच राहतात, मग पांढऱ्याची टक्केवारी आपोआप वर जाते. म्हणजे नवीन काही वाढलं असेलच असं नाही. शिवाय बी आणि सी च्या सीमेवरचा मॅमोग्राम एक डॉक्टर बी म्हणतो दुसरा सी, हे नेहमीचंच आहे. दोन्ही वर्षांच्या फिल्म शेजारी ठेवून एकाच रेडिओलॉजिस्टकडून बघून घे.
व्यायामाने डेन्सिटी कमी होते का, तर फारशी नाही. कॅनडात अल्बर्टामध्ये पाळी गेलेल्या ३२० बायकांवर ट्रायल झाली होती, त्यातल्या निम्म्यांनी वर्षभर एरोबिक व्यायाम केला, तरी डेन्सिटीत म्हणावा असा फरक पडला नाही.

मधलीवाट:
मग एवढा घाम गाळून फायदा काय? खरंच विचारतेय, माझ्या मावशीला कॅन्सर झाला होता म्हणून तर मी सुरू केलं सगळं.

सुगरण_चिमणी:
फायदा आहे गं, आणि चांगला आहे, फक्त तो मॅमोग्रामच्या फिल्मवर दिसत नाही. पाळी गेल्यावर ओव्हरी इस्ट्रोजन बनवणं जवळपास थांबवते, पण चरबीमध्ये अरोमॅटेज नावाचं एन्झाइम असतं ते इस्ट्रोजन बनवतच राहतं, म्हणून मेनोपॉजनंतर अंगावरची चरबी जास्त तर रक्तातलं इस्ट्रोजनही जास्त. व्यायामाने ते खाली येतं, इन्सुलिन खाली येतं, आणि हालत्याफिरत्या बायकांमध्ये मेनोपॉजनंतरच्या ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण कमी दिसतं हे अनेक अभ्यासांत आलंय. डब्ल्यूएचओ म्हणतं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत, आणि दोन दिवस ताकदीचा. मावशीचं तुझ्या डॉक्टरांना नक्की सांग, तपासणी कधीपासून आणि किती वेळा हे त्यावर ठरतं.

पायवाट५२:
ताई, धावणं का बंद करताय? या वयात हार्मोन वरखाली होत असतात म्हणून छाती जड होते, दुखते, पाण्याच्या छोट्या गाठी म्हणजे सिस्टसुद्धा याच काळात जास्त होतात. पाळी पूर्ण गेली की बहुतेकींचं हे कमी होतं. स्तनात स्वतःचा स्नायू नसतो, आधार असतो तो कातडीचा आणि आतल्या नाजूक लिगामेंट्सचा, म्हणून धावताना नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा हवीच. घालून जागच्या जागी उड्या मारून बघा, खालचा पट्टा वर सरकला तर ती सैल आहे, खांद्याच्या पट्ट्या कितीही आवळल्या तरी उपयोग नाही. छातीच्या व्यायामाने मागचा स्नायू घट्ट होतो, स्तन नाही, हेही सांगून ठेवते कारण जिममध्ये काहीही सांगतात.
एक मात्र. एकाच जागी टिकून राहणारी टणक गाठ, कातडीला खळगा, निप्पल आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त, यातलं काही दिसलं तर पुढच्या मॅमोग्रामची वाट बघू नका.

रानजाई:
खूप बरं वाटलं. हाताला छाती मऊच लागते म्हणून मला सी वाचून जास्त धक्का बसला होता.

सुगरण_चिमणी:
हाताने डेन्सिटी कळतच नाही, मऊ लागणारा स्तनही डेन्स असू शकतो. डेन्स भागात गाठ लपू शकते कारण तीही पांढरीच दिसते, म्हणून सोबत सोनोग्राफी करायची का हे विचार. आणि हो, हॉट फ्लॅशेससाठी, म्हणजे अंगातून अचानक गरम वाफा येतात त्यासाठी, हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्यास का मधल्या काळात? इस्ट्रोजन प्रोजेस्टिन एकत्र असलेल्या गोळ्यांनी डेन्सिटी वाढते.

रानजाई:
हो गं, चार महिने झाले. रेडिओलॉजिस्टला हे कुणी सांगितलंच नाही. उद्याच फोन करते.