३० मीटरचा लघुग्रह ११ मीटरचा कसा झाला?

निशिगंधा_सातारा:
हायाबुसा-२ हे जपानचं यान आता १९९८ केवाय२६ नावाच्या लघुग्रहाकडे चाललंय ना, जुलै २०३१ ला पोचणार. इतकी वर्षं तो ३० मीटरचा म्हणून वाचत आले आणि आता सगळीकडे ११ मीटर लिहितायत. दुर्बिणीत नुसता ठिपका दिसतो तर मोजतात तरी कसं आणि आधी एवढी चूक कशी काय झाली?

रात्रपाळी:
ताई, ठिपकाच दिसतो, सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनसुद्धा. नुसत्या चमकेवरून साइज नक्की कळत नाही कारण मोठा काळपट दगड आणि छोटा उजळ दगड सारखेच चमकतात. म्हणून ठिपक्याची चमक किती वेळाने वरखाली होते ते बघतात, त्यावरून दगड स्वतःभोवती किती वेळात फिरतो ते निघतं. १९९८ ला सापडला तेव्हा १०.७ मिनिटं काढली होती. २०२४ मध्ये तो जवळून गेला तेव्हा चिलीतल्या व्हीएलटी (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) या मोठ्या दुर्बिणीसकट बऱ्याच मोठ्या दुर्बिणी लावल्या आणि निघालं की फेरी साधारण ५ मिनिटं २१ सेकंदांचीच आहे, म्हणजे अर्धी! एका फेरीत चमक किती वेळा चढते-उतरते ते धरण्यातच फरक होता. आता रडारचा जुना डेटा होताच. रडारवरून दगडाच्या कडा किती वेगाने फिरतायत ते कळतं, वेग तोच आणि फेरीचा वेळ अर्धा म्हटल्यावर व्यास कमी होणारच, तिथून आकडा खाली आला. आणि एवढ्याशा दगडातून तेवढीच चमक येतेय म्हणजे पृष्ठभाग उजळ असणार, आधी काळा कार्बनवाला समजायचे.

आठइंची:
माझ्या दुर्बिणीतून दिसायचा प्रश्नच नाही, पण एक सांगतो, मोठा आरसा का लागतो तर अंधुक वस्तूला लांब एक्स्पोजर द्यावं लागतं आणि इथे पाच मिनिटांचं दिलं तर लघुग्रहाची जवळपास एक अख्खी फेरी होऊन जाते, चढउतार सगळा पुसला जातो. व्हीएलटीचा ८.२ मीटरचा आरसा असला की थोड्या सेकंदांत पुरेसा प्रकाश मिळतो.

निशिगंधा_सातारा:
मग यानाला उतरता येईल का?

रात्रपाळी:
तिथेच खरी अडचण आहे. याच यानाने आधी गाठलेला र्‍युगू हा लघुग्रह साधारण ९०० मीटरचा होता, २०१९ मध्ये यान दोनदा टेकलं तिथे. इथे सौर पॅनल उघडलेलं यानच ६ मीटर रुंद आणि समोर ११ मीटरचा दगड, तोही एवढा गरगर फिरणारा. मी हिशोब करून बघितला, घनता पाण्याच्या दुप्पट धरली तरी विषुववृत्तावर बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ७०० पट येतो, सुटा खडा तिथे थांबणारच नाही. बहुतेक एकसंध खडक असावा, नाहीतर खडकांचे तुकडे कशाने तरी घट्ट चिकटलेले. हे पोचायच्या काही वर्षं आधी कळलं ते फार बरं झालं, कारण यान पाठवून झालंय, आता बदलता येतं ते फक्त तिथे पोचल्यावर काय करायचं ते.