मदत हवी आहे: पूर्णगडच्या खाडीत कालवांच्या (ऑयस्टरच्या) दोऱ्या कधी आणि कोणाला विचारून टाकाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी पूर्णगड खाडीकाठची. अमेरिकेत मेन राज्यात सागरी मत्स्यशेतीत एमएस करतेय. सध्या सुट्टीला घरी आहे, १२ जानेवारीला परत निघायचंय. म्हणजे हाताशी फक्त दोन उधाणं. म्हणून घाईने लिहितेय.

गेल्या वर्षी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून डॅमरिस्कोटा नदीच्या मुखाकडे एका कालवशेतीवर काम केलं. शेती म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या जाळीच्या पिशव्या, आत कालवं. पहिले दोन महिने मी बहुतेक वेळ पिशव्या उलट्या करत होते. पिशवीची वरची बाजू उन्हात सुकली की शेवाळ मरतं, मग आत पाणी खेळतं. पुस्तकात याला एक ओळ आहे, खांद्याला दोन महिने लागले. नंतर मला बियाण्याकडे घेतलं. तिथे टाकीत खालून वर पाणी सोडतात आणि तिळाएवढं बी, म्हणजे कालवांची पिल्लं, त्यात वाढतं. एका संध्याकाळी टाकी धुतल्यावर मी व्हॉल्व्ह उघडायला विसरले. सकाळी बरंचसं बी तोंड उघडून पडलं होतं. मालक ओरडला नाही. चाळणी हातात दिली आणि मेलेलं किती ते मोजायला सांगितलं. अख्खा दिवस गेला. तेव्हापासून झोपायच्या आधी माझा हात आपोआप नळाकडे जातो, आईला वाटतं मला काहीतरी झालंय.

तिथे निवडताना दोन कालवं एकमेकांवर ठोकतात, पोकळ वाजलं की मेलेलं. मी म्हटलं, हे तर मला येतं! आई ओहोटीला कातळावर जाते तेव्हा फोडायच्या आधी टक्क करून आवाज ऐकतेच. मालकाला वाटलं मी फार लवकर शिकले.

आता अडचण. घरच्या खाडीत छोटासा प्रयोग करायचाय. रिकाम्या शिंपा दोरीत ओवून बांबूच्या मांडवावर टांगायच्या, खाडीतलं बी आपणहून येऊन चिकटतं का ते बघायचं. पण मेनमध्ये शिकलेलं वेळापत्रक इथे चालत नाही. तिथे भीती हिवाळ्याची, बर्फाच्या आधी पिशव्या तळाला बुडवतात. इथे भीती आषाढ-श्रावणाची. मुचकुंदीला पूर आला की खाडी गोडी होते आणि कालवं शिंपा मिटून बसतात. किती दिवस तग धरतात? आणि माझी मोठी सुट्टी नेमकी मे ते ऑगस्ट.

दुसरं, तिथल्या काही भागांत २४ तासांत २ इंच पाऊस झाला की कालवं काढायला बंदी येते, कारण जमिनीवरची घाण पाण्यात उतरते. हे आईला सांगितलं. म्हणाली, "दोन इंच? ता तर चाय उकळेपर्यंत पडता."

तर मला विचारायचंय: तुमच्याकडे कातळावर, जेटीच्या खांबांवर बारीक नवीन कालवं कोणत्या महिन्यात दिसतात? आणि खाडीतल्या जागेसाठी कोणाकडे जायचं? मेनमध्ये ४०० चौरस फुटांपर्यंतचा छोटा परवाना एका वर्षासाठी मिळतो, शिकाऊ माणसाला पुरतो. आपल्याकडे असं काही आहे का? घरच्यांचं म्हणणं, "आधी टाक, मग बघू." मला ते नकोय.

———

खाजणवाला: आमच्या बाजूला (जयगड खाडी) गणपती गेले की पाणी खारं व्हायला लागतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास खांबांवर नखाएवढी कालवं दिसतात. शिमग्याच्या आसपास पुन्हा थोडी येतात. हे माझं बघणं, शास्त्र माहीत नाही. पुरात तोंडाकडची वाचतात, वरच्या अंगाची मरतात. मांडव मुखाजवळ घाल.

माडाखाली: ताई, आधी रत्नागिरीच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. किनारी मत्स्यशेतीचा २००५ चा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये बदलला, त्यात आता शिंपल्यांची शेतीही येते, तेव्हा नोंदणीचं तिथेच विचारा. मांडवासाठी तिवराची फांदीसुद्धा तोडू नका. अर्ज आईंच्या नावाने करता आला तर उत्तम, प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना अनुदान ६० टक्के, सर्वसाधारण गटाला ४०. आणि शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तुमच्यापासून लांब नाही. तुम्ही म्हणता ती दोरी-मांडवाची पद्धत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतीकोरिनला बसवली आहे, प्राध्यापकांना ठाऊक असणार.

आचऱ्याची: कागद होतील गो. पण त्याआधी वाडीतल्या जाळीवाल्यांना भेट. आमच्या बचत गटाने मांडव घातला तो नेमका होडीच्या वाटेत. एका रात्रीत दोऱ्या कापल्या. चूक आमचीच, विचारलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगला गेलो, त्यांनीच जागा दाखवली.

नवखा: थोडं अवांतर. तिकडे विद्यार्थ्याला असं बाहेर काम करू देतात? भाचा जाणार आहे.

मूळ धागाकर्ती: @नवखा, अभ्यासक्रमाचा भाग असेल तर सीपीटी म्हणून, म्हणजे शिकता शिकता काम करायची, परवानगी मिळते, पण बहुधा पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी, हातची जाते, हे भाच्याला आवर्जून सांगा. परवानगीआधी एक दिवसही काम नको, फुकटचं म्हणून सुद्धा.

@आचऱ्याची, काकी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मांडव वळणाच्या आत धरला होता, पाणी संथ म्हणून. होड्या तिथूनच वळतात.

@खाजणवाला, दसरा-दिवाळी असेल तर मी इथे नसणार. सध्या चार दोऱ्या बाबांच्या होडीच्या खुंटालाच बांधते, जागाही अडत नाही. दर उधाणाच्या ओहोटीला आई बघेल आणि फोटो पाठवेल. खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर बॅगेतून आणलंय, ते तिला काल शिकवलं. दोन थेंब टाकून डोळ्याला लावलं आणि म्हणाली, जिभेला कळतं ते यात कशाला बघायचं. तरी आकडा वहीत लिहिलाय.

सोमवारी अर्ज घेऊन रत्नागिरीला जातेय. सोबत कुठले कागद लागतील ते कोणी आधी गेलं असेल तर सांगा.