मदत हवी आहे: ड्रम फुगलाय, लगेच सांगा

कोपरखैरणेकर: रबाळे एमआयडीसी. सकाळी सांडलेलं सगळं भरून ड्रमला झाकण लावलं, आता ड्रम गरगरीत फुगलाय. सुपरवायझर फोन उचलत नाही. साडेचारला तळोज्याची घातक कचरा नेणारी गाडी येणार. चढवू का नको?

पारसिकचा वारा: काय सांडलं ते सांगा की राव. दूध?

कोपरखैरणेकर: अ‍ॅसिड. इथे अजून काय सांडणार.

तळोजा रात्रपाळी: अ‍ॅसिड कुठलं? कॅनवर यूएन नंबर बघा, घातक मालाचा चार आकडी नंबर. १७८९ एचसीएल म्हणजे हायड्रोक्लोरिक, १८३० सल्फ्युरिक, २०३१ नायट्रिक. टिपलं कशात? नायट्रिक भुशात टिपलं असेल तर पेट घेईल.

कोपरखैरणेकर: १७८९. भुसा नाही, पांढरी पावडर. फसफसली, थांबली, मग भरलं.

तळोजा रात्रपाळी: सोडा अ‍ॅश असणार, धुण्याचा सोडा. वरवर थांबते, पण गठ्ठ्यांच्या आत कोरडीच राहते. ड्रम हलला की परत सुरू. एक किलो पावडर अ‍ॅसिडला पुरी लागली तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. ड्रम केवढा, दोनशेचाच ना? चढवू नका. झाकणाची रिंग सोडवायला जाल तर झाकण तोंडावर येईल. सगळ्यांना लांब करा, १०१ लावा.

जुना फिटर: म्हणून आम्ही सोडा वापरतच नाही. चुन्याची फक्की, म्हणजे विझवलेला चुना, गॅसचा प्रश्नच नाही.

तळोजा रात्रपाळी: आणि घाईत कोणी न विझवलेला कळीचा चुना ओतला की वाफा कोण खाणार?

जुना फिटर: फक्की लिहिलंय. वाचत जा.

सीवूड्स ४०: २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आवारात ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो.

पारसिकचा वारा: साहेब, त्याच्याकडे ९० मिनिटं तरी आहेत का?

घणसोलीची सून: आमचे हे पण याच कामात. पँट गमबुटात खोचायचे, वरून ओघळलेलं थेट बुटात. दोन मोजे जळाले, एक टाच. आता पँट बुटावरून सोडतात. डागांसाठी लिंबू लावू नका, अ‍ॅसिडवर अ‍ॅसिड कशाला!

जुना फिटर: ताई, डागांचं कोणी विचारलं?

कोपरखैरणेकर: १०१ लावला. गाडी परत पाठवली, ड्रायव्हर शिव्या देऊन गेला. ड्रम शेडमध्येच आहे, आम्ही सगळे गेटबाहेर.

तळोजा रात्रपाळी: गेटबाहेर ठीक, पण वारा कुठून कुठे आहे?