शब्दचर्चा: 'पुनरागमन' की 'पाहुणा कलाकार'?

नाशिकरोड: जुन्या गुप्तहेर मालिकेतला एके काळचा आघाडीचा नट एका भागापुरता परत येतो, तेव्हा मथळ्यात काय लिहावं? उदाहरण 'मिडसमर मर्डर्स'चं. १९९७ पासून सार्जंट ट्रॉय रंगवणारा डॅनियल केसी २००३ मध्ये बाहेर पडला आणि २००८ मध्ये एका भागात पुन्हा दिसला. 'केसीचं पुनरागमन' चालेल का?

पंचवटी: नाही चालणार. 'संघात पुनरागमन' वाचलं की खेळाडू पुढचे सामनेही खेळणार, असं आपण धरून चालतो. ट्रॉय त्याचा वरिष्ठ अधिकारी बार्नबी याच्या मुलीच्या लग्नाला आला आणि गेला. 'पाहुणा कलाकार' लिहा. कथेतही पाहुणा, मालिकेतही पाहुणा.

गंगापूर रोड: मथळ्यापुरतं मान्य, पण शब्दावर अन्याय नको. पुनः + आगमन, विसर्गाचा र झाला, बस. मुक्काम किती, हे त्या शब्दात कुठेच नाही. 'पुनरागमनाय च' म्हणून अक्षता टाकतो, तो गणपती पुढच्या वर्षी येऊन दीड दिवसात जातोच की. मुक्काम कळावा म्हणून 'एका भागापुरतं' जोडावं लागतं, आणि जागा कमी पडली की मथळ्यातून नेमकं तेच कापलं जातं. 'करमचंद'ला मात्र 'पुनरागमन' निर्धास्त लिहा. १९८५ ची मालिका २००७ मध्ये पंकज कपूर यांनाच घेऊन नव्याने सुरू झाली होती.

सटाणा: 'पाहुणा'चं मूळ प्राघुण, प्राकृतात पाहुण, आमच्या भागात पाव्हणा. सोयरा, जावई, वाटेवरचा अनोळखी माणूस, सगळे पाव्हणे. पण शिकायला बाहेरगावी गेलेला घरचा मुलगा दिवाळीला आला, तर त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही. सहा वर्षं मालिकेत असलेल्या नटाला 'पाहुणा' म्हणताना तेच खटकतं. घरची असून चार दिवसांसाठी येणारी, यासाठी मराठीत सुरेख शब्द आहे: माहेरवाशीण. संज्ञा म्हणून चालणार नाही, पण 'माहेरपणाला आली' हे लेखाच्या ओघात फार गोड बसेल.

नाशिकरोड: मग 'सायलेंट विटनेस' या ब्रिटिश मालिकेतल्या अमांडा बर्टनचं काय? १९९६ ते २००४ मुख्य भूमिकेत, नंतर २०२२ मध्ये पंचविसाव्या पर्वात सहा भाग.

पंचवटी: ते अख्खं पर्वच सहा भागांचं होतं, म्हणजे 'पाहुण्या कलाकार' तोकडं पडतं. 'पंचविसाव्या पर्वासाठी परतल्या' लिहा. क्रियापद वापरलं की अर्धे वाद मिटतात. 'झलक' फक्त मिनिटभराच्या दर्शनाला ठेवा. 'हजेरी लावली' टाळा. देवस्थानापुढे गाणाऱ्याच्या हजेरीत सेवाभाव असतो. मालिकेच्या बातमीत तो शब्द उरकल्यासारखा वाचला जातो.

गंगापूर रोड: सामान्यरूप सांभाळा. 'पाहुणा कलाकाराची भूमिका' सर्रास छापतात. 'पाहुणा' इथे विशेषणासारखा वागतो, म्हणून 'पाहुण्या कलाकाराची'. स्त्रीसाठी 'पाहुणी कलाकार', आदरार्थी 'पाहुण्या कलाकार'. विभक्ती लागली की दोन्ही लिंगांत 'पाहुण्या'च.

आणि प्रश्नातला 'गुप्तहेर'ही बदला. हेर शत्रूच्या गोटातली बातमी काढतो, बहिर्जी नाईकांसारखा. बार्नबी उघडपणे ओळख सांगून दार ठोठावणारा पोलिस अधिकारी आहे. त्याची 'तपासमालिका'. ब्योमकेश बक्षी पोलिसही नाही आणि हेरही नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो, तेच ठेवावं.

नाशिकरोड: मथळा असा करतो: 'लग्नापुरता परतला ट्रॉय'. खाली: 'तपासमालिकेतले जुने सार्जंट एका भागात पाहुणे कलाकार'.

सटाणा: मथळ्यात 'परतला' आणि खाली 'पाहुणे', एकाच माणसाला दोन मानाने बोलावताय. मथळ्यातला ट्रॉय हे पात्र आहे, त्याला एकेरी ठीक. खाली 'सार्जंट' काढून 'डॅनियल केसी' लिहा. पाहुणा कलाकार नट असतो, पात्र नव्हे.